पॅकेज-चाचणी, पुनरावर्ती (डेबियन)

डेबियन या १९९३ साली सुरू झालेल्या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज तयार करताना 'बदला, बांधा, बसवून पाहा' हे चक्र पुन्हा पुन्हा फिरते. त्याची एक फेरी लहान करण्याच्या उपायांची ही नोंद.

वेळ कशात जातो, हे आधी पाहावे. 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' ही आज्ञा बांधणीपूर्वी आधीचे सर्व काम पुसते. 'एनसी' हा पर्याय दिला की ते पुसले जात नाही. पण येथे एक चकवा आहे. बांधणी पूर्ण झाल्यावर डेबहेल्पर हा बांधणीतील मदतनीस साधनसंच 'डेबियन' फोल्डरात खुणेची फाइल ठेवतो, आणि ती असेपर्यंत कंपाइलचा टप्पा पुन्हा चालवत नाही. कोणती फाइल कोठे बसवायची एवढेच बदलले असेल तर हे वरदानच, कारण तासाचे काम मिनिटावर येते. मूळ कोड बदलला असेल तर मात्र जुनाच प्रोग्राम नव्या पॅकेजात जातो आणि चाचणीचा निकाल फसवा ठरतो. अशा वेळी ती खूण हाताने काढावी.

कोड वारंवार बदलत असल्यास अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिहिलेले सीकॅश हे साधन उपयोगी पडते. प्रीप्रोसेस केलेला कोड, कंपायलर आणि त्याचे पर्याय यांवरून ते हॅश काढते व जुळणारी ऑब्जेक्ट फाइल साठ्यातून देते. बांधणी क्रूटमध्ये, म्हणजे मुख्य प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या फोल्डरातील छोट्या प्रणालीत, करत असाल तर हा साठा क्रूटच्या बाहेर ठेवावा, नाहीतर क्रूट मोडताना तोही जातो.

क्रूटमध्ये बांधणीला लागणारी पॅकेजे बसवताना डीपीकेजी हा पॅकेज बसवणारा प्रोग्राम फाइली डिस्कवर पक्क्या उतरल्याची खात्री करत थांबतो. फेकून द्यायच्या क्रूटला ही काळजी अनाठायी आहे; 'ईटमायडेटा' हे साधन ती वगळते. खऱ्या यंत्रावर मात्र 'ईटमायडेटा' कधीही वापरू नये. रॅममधील टीएमपीएफएस ही फाइल-प्रणाली आणि स्थानिक पॅकेज-साठा यांनीही बराच वेळ वाचतो.

'नोचेक' पर्यायाने प्रकल्पाच्या स्वतःच्या चाचण्या टळतात. पॅकेजिंगच्या फाइली जुळवताना ते योग्य आहे, अपलोडपूर्वी नाही. बांधणी फसली तर क्रूटमध्ये बांधणी करणाऱ्या पीबिल्डरचा 'सी' हुक त्याच क्रूटमध्ये शेल उघडून देतो. बसवलेल्या पॅकेजाच्या चाचण्या चालवणाऱ्या ऑटोपीकेजीटेस्टचा 'शेल-फेल' पर्याय चाचणी फसल्यावर हीच सोय करतो. चूक शोधण्यासाठी सगळे पुन्हा उभारावे लागत नाही, म्हणून नवख्याने आधी हेच शिकावे.

शेवटची फेरी स्वच्छ क्रूटमध्ये, एसबिल्ड या बांधणी-साधनाने, कोणताही आडमार्ग न घेता करावी. पॅकेज तयार करणाऱ्याच्या यंत्रावर आधीच असलेली पण 'कंट्रोल' फाइलमध्ये न नोंदवलेली लायब्ररी तेथेच उघडी पडते. नंतर पॅकेजातील चुका शोधणारे लिन्टियन, आणि बसवणे, अद्ययावत करणे व काढणे तपासणारे पीयूपार्ट्स चालवावे.