जबडा, हसू आणि झोप

घोरणं हा आपल्याकडे थट्टेचा विषय. दातांच्या डॉक्टरांचा त्याच्याशी काय संबंध, असं मला पुष्कळ जण विचारतात. संबंध जुना आहे, श्रोतेहो.

१९०२ मध्ये पॅरिसच्या पिएर रोबँ यांनी खालचा जबडा पुढे धरणारं साधन मांडलं. लहान जबड्याच्या बाळांची जीभ मागे पडून श्वास कोंडतो, हे त्यांनी १९२३ मध्ये सांगितलं. पुढे हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नटनट्यांच्या दातांवर पातळ कवचं बसवत; ती चित्रीकरणापुरतीच टिकत. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलला आम्ल लावून त्यावर रेझिन घट्ट चिकटवण्याची रीत दाखवली. त्यातूनच टिकाऊ कवचांची वाट खुली झाली.

मोठ्यांच्या झोपेत थांबणाऱ्या श्वासासाठी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी हवेच्या दाबाचा उपाय मांडला. त्याचा मुखवटा ज्यांना सोसत नाही, त्यांना आज दंतवैद्य जबडा पुढे धरणारं साधन मापाने करून देतात. मात्र आधी झोपेची तपासणी हवी. आवाज थांबला म्हणजे श्वास मोकळा झाला, असं नव्हे. घरात कुणी घोरता घोरता एकदम गप्प होत असेल, तर हसू नका, डॉक्टरांकडे न्या.