मुतखडा आणि नळी

वऱ्हाडचा उन्हाळा कडक. अमरावतीच्या राजापेठेंत वैशाखाच्या दुपारीं राबणाऱ्या माणसाच्या अंगांतील पाणी घामावाटे निघून जातें. तितकें पाणी पुन्हा पोटांत गेलें नाहीं, तर मूत्र दाट होतें आणि त्यांतील क्षार साकळून खडा बनतो. ही व्यथा पुरातन आहे. सुश्रुतसंहितेंत अश्मरीच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. शस्त्रक्रियेवांचून मृत्यु निश्चित व शस्त्रक्रिया केली तरी यश संशयित. म्हणून अधिपतीची अनुमति घेऊनच वैद्यानें शस्त्र चालवावें, असें तेथें सांगितलें आहे. मात्र ती शस्त्रक्रिया मूत्राशयांतील खड्याची होय. मूत्रपिंडांतील मोठ्या खड्यासाठीं विसाव्या शतकांतही दीर्घकाळ कुशीवर मोठा छेद घ्यावा लागे.

१९७६ सालीं स्टॉकहोमचे फर्नस्ट्रॉम व जोहान्सन यांनीं पाठींतून लहानशी वाट पाडून खडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. ही वाट नेमकी पडावी, तर मूत्रपिंडाची पोकळी आधीं दिसली पाहिजे. त्यासाठीं मूत्रमार्गांतून दुर्बीण घालून मूत्रवाहिनींत बारीक नळी वर सरकवितात. तिच्यांतून क्ष-किरणांत दिसणारें औषध सोडलें कीं पोकळी फुगते व पडद्यावर उमटते. नळीची जाडी आजही पॅरिसचे उपकरणकार शारिएर यांच्या १९ व्या शतकांतील मापानें मोजतात. त्याचा १ अंश म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. ६ अंशांची नळी २ मिलिमीटर जाड.

नळीचे मुख्य प्रकार दोन. साधी नळी टोकाशीं उघडी असते. ती स्वस्त व घालावयास सोपी. दुसरीच्या टोकाजवळ फुगा असतो. तो फुगविला कीं वाट बुजते. औषध खालीं ओघळत नाहीं, पोकळी चांगली ताणते आणि फोडलेल्या खड्याचे कण मूत्रवाहिनींत घसरत नाहींत. परंतु तिला खर्च अधिक, आणि फुगा प्रमाणाबाहेर फुगल्यास मूत्रवाहिनीला इजा होण्याचें भय. म्हणून पुष्कळ ठिकाणीं साधी नळी पुरते; खडा मोठा व कण फार होणार असतील, तेथें फुग्याची नळी कामास येते.

शस्त्रक्रियेनंतर पाठींतून नळी ठेवीत. निवडक रोग्यांत आतां तीही टाळतात. तिच्याऐवजीं अनेकदां दोन्ही टोकें वळलेली नळी आंत ठेवितात. हिचा प्रसार १९७८ नंतर झाला. बाहेरून न दिसणारी ही नळी महिनोन्‌महिने विसरली गेली, तर तिच्यावरच नवा खडा धरतो. म्हणून घरीं परतणाऱ्या रोग्यानें ती काढण्याचा दिवस लिहून ठेवावा व तो चुकवूं नये.