मुडदूस, कॉड आणि मुशी

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांजवळ दर हिवाळ्यात कॉड मासे अंडी घालायला येतात. जानेवारी ते एप्रिल हा तिथल्या मच्छीमारांचा ऐन हंगाम. मासा वाऱ्यावर सुकवायचा आणि त्याची यकृतं लाकडी पिंपांत टाकून ठेवायची, ही तिथली जुनी रीत. यकृतं कुजू लागली की तेल वर येई. आधी फिकट, मग तपकिरी आणि शेवटी उकळून काढलेलं, जवळजवळ काळं. त्यावर दिवे जळत, कातडी कमावली जात. सांधे धरले किंवा मूल खंगू लागलं, तर तेच तेल पोटातही जाई.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या इस्पितळात संधिवाताच्या रुग्णांना हे तेल देत असत. १८४१ मध्ये जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. अडचण होती ती वासाची. पेटर म्यॉलर या नॉर्वेजियन औषधविक्रेत्याने १८५०च्या दशकात ताज्या यकृतांना वाफ देऊन तेल काढायला सुरुवात केली. कुजवणं संपलं, तेल फिकट आणि बरंच सुसह्य झालं.

हे तेल नेमकं कशावर चालतं, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. क्षयापासून संधिवातापर्यंत कशावरही ते दिलं जाई. त्यातला एक दावा खरा ठरला, तो मुडदुसाचा. कोळशाच्या धुराने झाकोळलेल्या शहरांत, अरुंद गल्ल्यांत वाढणाऱ्या मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकत. एडवर्ड मेलनबी यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घरातच ठेवलेल्या कुत्र्यांच्या पिलांना ठरावीक आहार देऊन मुडदूस घडवून आणला आणि कॉडच्या तेलाने तो टाळूनही दाखवला. गुण तेलातल्या ‘अ’ जीवनसत्त्वाचा असावा, असा अंदाज होता. अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी तेल तापवून त्यात ऑक्सिजन सोडला. ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट झालं, डोळ्यांचा विकार त्या तेलाने बरा होईना. मुडदूस मात्र तरीही बरा झाला! म्हणजे तेलात आणखी काहीतरी होतं. १९२२ च्या या प्रयोगातून ‘ड’ जीवनसत्त्व ओळखलं गेलं. वैद्यकाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच सापडतो.

त्याच वर्षांत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी युद्धाने होरपळलेल्या व्हिएन्नातल्या आजारी बालकांवर काम करत होत्या. कॉडचं तेल द्या किंवा मुलांना उन्हात ठेवा, दोन्हींनी मुडदूस हटतो, असं त्यांना दिसलं. माणसाच्या त्वचेत जे ऊन घडवतं, ते कॉडला अन्नसाखळीतून मिळतं आणि त्याच्या यकृतात साठतं.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केलं आणि हिंदुस्थानात येणाऱ्या तेलाची वाट अडली. तेव्हा लक्ष गेलं आपल्या मुशीकडे. पश्चिम किनाऱ्यावर होड्यांच्या फळ्यांना माशाचं तेल चोपडण्याची पद्धत जुनीच होती. आता मद्रास आणि मुंबई इलाख्यांत मुशीच्या यकृताचं तेल औषध म्हणून निघू लागलं. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व कॉडच्या तेलापेक्षा पुष्कळ जास्त, ‘ड’ मात्र कमी. रातांधळेपणा ही जिथे मोठी व्याधी होती, त्या देशाला ही अदलाबदल मानवणारीच होती. परदेशी बाटलीची वाट पाहणाऱ्या देशाच्या किनाऱ्यावरच हे औषध होतं, ही गोष्ट आपल्या मासेमारीच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी.

पुढे जीवनसत्त्वं कारखान्यात बनू लागली. आज ‘ड’ जीवनसत्त्व मुख्यतः मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून तयार होतं. माशाच्या तेलाचा दुसरा प्रवास सुरू झाला तो ग्रीनलंडमधून. १९७०च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तिथल्या इनुइटांचा आहार आणि रक्तातली मेदद्रव्यं तपासली आणि ओमेगा-३ची चर्चा जगभर पसरली. मात्र २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीत ओमेगा-३च्या गोळ्यांनी हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण लक्षणीय घटलं नाही. मुडदुसाच्या बाबतीत जो निकाल मॅकॉलम यांना प्रयोगशाळेतल्या उंदरांवर स्पष्ट मिळाला, तसा हृदयाच्या बाबतीत अजून मिळालेला नाही.