टॉडीचा कुलवृत्तांत

वेळणेश्वरच्या शंकरास कुलदैवत मानणारी जी कोकणस्थ घराणी गेल्या दोन-तीन शतकांत पुणे, बडोदे, ग्वाल्हेर, काशी अशी दूरदूर पांगली, त्यांपैकी अनेकांनी आपापले कुलवृत्तांत मोठ्या चिकाटीने सिद्ध करून छापले आहेत; आणि मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावातून उठला, कोणाच्या चाकरीत कोठे गेला, कोणत्या शाखेने उपनाव पालटले, याचा जो तपास त्या जाडजूड ग्रंथांत आढळतो, तो पाहिला म्हणजे वंशाच्या उगमाविषयी मराठी माणसास वाटणाऱ्या आस्थेची खात्री पटते. त्याच देवळातून बाहेर पडून समुद्राच्या दिशेने निघाले की अगदी पुळणीपर्यंत माडांची दाटी लागते. या वृक्षकुळातील एक पेय असेच परमुलखी गेले, तेथे त्याची बहुतेक सर्व घटकद्रव्ये पालटली, केवळ नाव तेवढे शिल्लक राहिले, आणि आज व्हिस्की, ऊन पाणी, मध, लिंबू व लवंग यांचे जे मिश्रण पावसाळ्याच्या दिवसांत घरोघरी ‘हॉट टॉडी’ म्हणून करण्यात येते, ते निखळ विलायती आहे अशी आपली समजूत होऊन बसली आहे. त्याचा कुलवृत्तांत कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा प्रयत्न.

मूळ पुरुष अर्थात ताडी. काटेकोर बोलायचे तर ताडापासून निघते ती ताडी आणि माडापासून निघते ती माडी. कोकणात हा भेद कोणी विसरत नाही, कारण या किनाऱ्यावर राज्य माडाचे आहे. परंतु सतराव्या शतकाच्या आरंभी जे इंग्रज व्यापारी पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरले, त्यांना हा विवेक नव्हता. कोणत्याही ताडवर्गीय वृक्षाच्या रसास त्यांनी ताडी हेच एक नाव दिले, त्यातील ‘ड’चा उच्चार न साधल्यामुळे प्रथम ते ‘टॅरी’ असे लिहिले, आणि पुढे ‘टॉडी’ या रूपात ते इंग्रजीत कायमचे स्थिरावले.

हा रस मिळवणे ही एक अत्यंत सूक्ष्म कला आहे, आणि तिचे वर्णन थोडे विस्ताराने करणे मला अगत्याचे वाटते. कारण पेयांच्या इतिहासात चषकांचे आणि दिवाणखान्यांचे वर्णन पानेच्या पाने येते, पण झाडावर चढणाऱ्याचे येत नाही. माडाची पोय उमलण्यापूर्वीच, ती अद्याप आपल्या कवचात मिटलेली असताना, काथ्याने अथवा झावळीच्या पात्यांनी घट्ट आवळून बांधतात, म्हणजे आतील फुलोरा पसरत नाही. मग लाकडाच्या वा हाडाच्या ठोकळ्याने तिच्यावर सर्व बाजूंनी हळुवार ठोके देतात, इतके हळुवार की आतील कोवळे तंतू दुखावतील पण फाटणार नाहीत. आणि काही दिवस असे संस्कार झाल्यावर तिचे टोक धारदार कोयतीने कापले की रस ठिबकू लागतो. पुढे दररोज सकाळ-संध्याकाळ वर चढून त्या टोकाची कागदासारखी पातळ चकती काढावी लागते, कारण जखम सुकली की रस थांबतो. आणि साठ-सत्तर फूट उंचीच्या झाडाच्या खोडात खाचा पाडून त्यांत पायाची बोटे रोवत, कमरेला कोयती आणि भांडे अडकवून, आषाढातल्या ओल्या खोडावरूनही ही फेरी चुकवता येत नाही. ताज्या रसात शेकडा पंधराच्या आसपास साखर असते. मडक्याला आतून चुना लावला असेल तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर हवेतील आणि मडक्यातील सूक्ष्म जीव त्या साखरेवर तत्काळ काम सुरू करतात, काही तासांतच फेस येतो, आणि सायंकाळपर्यंत त्यात शेकडा चार-पाच मद्यार्क उतरून माडी तयार होते. दुसऱ्या दिवशी तीच आंबट होऊ लागते आणि अखेर तिचा शिरका होतो. जे पेय एका दिवसात जन्म, यौवन आणि वार्धक्य भोगते ते गलबतात भरून दूरदेशी नेणे अशक्यच होते. या एका अडचणीतून पुढचा सारा इतिहास उद्भवला आहे.

ही कला ज्यांच्या हातात होती ते भंडारी. त्यांना केवळ माडी काढणारे म्हणून ओळखणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ज्याला भरतीच्या वाऱ्यात डोलणाऱ्या शेंड्यावर एका हाताने तोल सावरून दुसऱ्या हाताने शस्त्र चालवता येते, त्याला डोलकाठी आणि तलवार या दोन्ही गोष्टी अनोळखी राहत नाहीत. शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी हा अधिकारी होता आणि १६७९ साली खांदेरी बेट ताब्यात घेऊन इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तेथे तट उभारण्याच्या पराक्रमात त्याचे नाव अग्रभागी येते. त्याच दशकात मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने बेटाच्या रक्षणासाठी जे लोक उभे केले, त्यांतही भंडाऱ्यांचा भरणा होता.

टिकाऊपणाची अडचण भट्टीने सोडवली. आंबलेला रस भांड्यात उकळून त्याची वाफ दुसऱ्या भांड्यात थंड केली की जो अर्क उतरतो, त्याला ना नासण्याची भीती ना प्रवासाची, आणि गोव्यात माडाच्या सुरेपासून जी फेणी आजही काढली जाते ती याच अर्काची वारस आहे. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७२ ते १६८१ या काळात हिंदुस्थान व इराण येथे हिंडला. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात गोव्याजवळच्या नेरूळच्या अर्काची विशेष वाखाणणी आहे, आणि या किनाऱ्यावरील इंग्रज त्यापासून पाच द्रव्यांचे ‘पंच’ नामक मिश्रण करतात, असेही त्याने नोंदले आहे. या मिश्रणाचा उल्लेख फ्रायरच्याही पूर्वीचा सापडतो: कंपनीच्या नोकरीतील रॉबर्ट अ‍ॅडम्स याने १६३२ साली लिहिलेल्या पत्रात ते नाव आहे, १६३८ मध्ये सुरतेच्या वखारीत आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने अर्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांनी सिद्ध झालेले असेच पेय चाखले, आणि फ्रेंच वैद्य बर्निए याने वर्णिलेल्या मिश्रणात काळ्या साखरेचा अर्क, लिंबाचा रस, पाणी आणि वर किसलेले जायफळ आहे. मद्य, आम्ल, मधुर, जल आणि सुगंध यांचा मेळ एका भांड्यात घालण्याची ही रीत आपल्या किनाऱ्यावरच्या वखारींत रुळली आणि तेथून जहाजांबरोबर लंडनला गेली, असे या नोंदी एकत्र ठेवल्या म्हणजे स्पष्ट दिसते. पंच हा टॉडीचा वडील बंधू मानावा. तो मोठ्या कटोऱ्यात दहाजणांसाठी होई, टॉडी एकट्यासाठी.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीत ‘टॉडी’ या नावाने कोणतेही तीव्र मद्य, साखर आणि ऊन पाणी यांचे मिश्रण ओळखले जाऊ लागले. अमेरिकेतील वसाहतींत ते ऊसमळीच्या रमने होई, स्कॉटलंडात व्हिस्कीने. त्या काळची स्कॉच व्हिस्की आजच्यासारखी ओकाच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरलेली नव्हे. डोंगरकपारीत चोरून गाळलेली, भट्टीवरून उतरताच विकली जाणारी ती व्हिस्की घशाला जाळत जाई, आणि तिचे तिखटपण मवाळ करण्यास उकळते पाणी व साखर यांखेरीज सुलभ उपाय नव्हता. अटलांटिकपलीकडच्या मळ्यांतील साखर ग्लासगोच्या बंदरात उतरत होतीच. स्कॉच गृहस्थांच्या घरी मग टॉडीसाठी खास चांदीच्या लांब दांड्याच्या पळ्या घडवल्या जाऊ लागल्या, आणि त्या आज पुराणवस्तूंच्या लिलावांत आदराने मांडल्या जातात.

आता येथे दोन तोतया मूळ पुरुषांचा निकाल लावणे भाग आहे, कारण वंशावळीत तोतये शिरले की सारे कुलवृत्त भ्रष्ट होते. पहिला दावा डब्लिनच्या रॉबर्ट बेंटली टॉड या डॉक्टरचा. तो आपल्या रुग्णांना ऊन पाण्यात ब्रँडी, दालचिनी आणि साखर देत असे आणि त्याच्या आडनावावरून पेयास नाव मिळाले, असे सांगतात. परंतु हा डॉक्टर जन्मला १८०९ मध्ये, आणि रॉबर्ट बर्न्सच्या १७८६ साली छापलेल्या ‘द होली फेअर’ या कवितेत जत्रेकरू टेबलाभोवती बसून टॉडी ढवळतात. नातवाच्या नावावरून आजोबाचे बारसे होत नाही. दुसरा दावा एडिंबरोस पाणी पुरवणाऱ्या टॉड नावाच्या झऱ्याचा. अ‍ॅलन रॅमझीने १७२१ मध्ये आपल्या एका काव्यात त्या झऱ्याचा उल्लेख चहाच्या पाण्याच्या संदर्भात केल्यामुळे त्यास थोडे बळ मिळाले. पण त्यापूर्वी शंभर वर्षे इंग्रजी प्रवासवृत्तांत ताडी हे एका मादक पेयाचे नाव म्हणून रूढ झालेले होते, आणि कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आयुष्य काढून परतणाऱ्यांत स्कॉच लोकांची संख्या पुढे उत्तरोत्तर वाढतच गेली. तेव्हा पाण्याच्या झऱ्याकडे मद्याच्या नावाचे पितृत्व देण्याचे कारण मला दिसत नाही.

अमेरिकन शाखेविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका पत्राने मे १८०६ मध्ये ‘कॉकटेल’ची व्याख्या छापली: कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्काचे थेंब. यातील कडू थेंब वगळले तर उरते ती टॉडीच. आणि ज्याला आज ‘ओल्ड फॅशन्ड’ म्हणतात ते व्हिस्कीचे विख्यात मिश्रण या व्याख्येचेच अपत्य आहे. जेरी थॉमस याच्या १८६२ च्या पुस्तकात तर व्हिस्की टॉडी बर्फाचा खडा घालून थंडच करावयास सांगितली आहे, म्हणजे उष्णता हा या कुळाचा अपरिहार्य धर्म नव्हे.

बर्न्सविषयी आणखी एक गोष्ट. टॉडीचे काव्य लिहिणारा हा कवी १७८९ पासून सरकारच्या अबकारी खात्यात नोकर होता, आणि गावोगाव घोड्यावरून फिरून पिंपे मोजणे हे त्याचे काम होते. स्कॉटलंडात माल्टवरच्या करापायी १७२५ मध्ये ग्लासगोत दंगल उसळली होती. तेथे घरोघरीचा भट्टीवाला ज्या रीतीने गुन्हेगार ठरला, त्याच रीतीने मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने भंडारी बांधला गेला. परवान्यावाचून माड छेदणे हा गुन्हा झाला, छेदलेल्या झाडागणिक कर बसला, आणि वाडवडिलांपासून चालत आलेली वहिवाट मक्तेदार व अंमलदार यांच्या मर्जीवर येऊन पडली. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलीसुरली वाटही जवळजवळ बुजवली. नीरेला सवलत मिळाली, पण नीरेवर घर चालणे कठीण. दारूने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे कोकणाने पाहिली आहेत आणि त्या कायद्यामागचा हेतू मी क्षुद्र मानीत नाही. तथापि ज्याच्या कसबाने जगाला एक शब्द आणि एक रीत दिली, त्याच्या हाती त्या व्यवहारातून काहीच राहू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

आता कृती. महाराष्ट्रात मद्यप्राशनास परवाना लागतो आणि तीव्र मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हे आरंभीच सांगतो. जाड काचेचा पेला किंवा मग प्रथम उकळत्या पाण्याने भरून शेकवावा व रिता करावा. थंड भांड्यात टॉडी पहिल्या घोटालाच कोमट होते. त्यात दोन लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोन चमचे गोडी घालून दीडशे मिलिलिटर ऊन पाणी ओतावे, आणि तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे मसाल्याचा गंध उतरतो आणि पाण्याचा कढही निवतो. हे निवणे महत्त्वाचे: मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, उकळते पाणी थेट व्हिस्कीवर पडले तर तिचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि पिणाऱ्याच्या नाकाला केवळ झणका बसतो. म्हणून साठ मिलिलिटर व्हिस्की सर्वांत शेवटी, तिच्या आधी दोन चमचे कागदी लिंबाचा रस, आणि वरून जायफळाचा कीस. आपल्याकडील व्हिस्की बहुधा शेकडा ४२.८ मद्यार्काची असते. या प्रमाणात ती शेकडा ११ च्या आसपास उतरते. पडशावर हे औषध नव्हे. मद्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलून ऊब भासते, शरीराची उष्णता मात्र त्याच वाटेने बाहेर जाते. घशाला आराम पडतो तो वाफेने, मधाने आणि लिंबाने.

व्हिस्की कोणती, हा प्रश्न पूर्वीइतका अवघड नाही. आपल्या स्वस्त व्हिस्कीत मळीच्या मद्यार्काचाच भाग मोठा असतो, म्हणजे लिंबू-जायफळासह ती बर्निएने वर्णिलेल्या मिश्रणाच्या फार जवळ जाते. सातूची हवी असेल तर बंगळूरच्या अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये ग्लासगोतच प्रथम विक्रीस मांडली, आणि पॉल जॉन तर गोव्यातच गाळली जाते. मसाला बाहेरून आणण्याची गरज नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने माडांच्या सावलीत मसाल्याची झाडे लावण्याचा ‘लाखी बाग’ हा प्रयोग रुजवला, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ दालचिनी व ‘कोकण सुगंधा’ जायफळ किनाऱ्यावरच्या बागांत माडाच्या बुंध्याशीच वाढतात.

गोडीसाठी मी मधाऐवजी माडाचा गूळ सुचवीन. न आंबलेला रस लोखंडी कढईत आटवून तो करतात. गोव्यात त्याला ‘माडाचें गोड’ म्हणतात आणि म्हापशाच्या बाजारात त्याच्या काळसर ढेपा मिळतात. त्याला धुराचा वास आणि किंचित खारट चव असते, त्यामुळे लिंबू एक चमचाच पुरते. गूळ आधी बारीक चिरून घ्यावा, नाहीतर विरघळेपर्यंत पाणी फार निवते.