फडक्यामागे धावणारा कुत्रा : व्हिपेट, लर्चर आणि शिकारीची ओढ

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, तत्त्वज्ञान सोडून कुत्र्यांकडे कुठे वळलात?" त्याला म्हटलं, ऐकायला ये. तो आज ऑनलाइन आहे, म्हणून सुरुवात त्या प्रश्नापासूनच करते.

काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे यॉर्कशरला गेले होते. तिच्याकडे एक लर्चर आहे. लर्चर ही काही जात नव्हे. ग्रेहाउंड किंवा व्हिपेट म्हणजे नजरेने सावज हेरून, पळत गाठून पकडणारे कुत्रे. त्यांचा टेरियरशी किंवा मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याशी संकर केला की त्याला लर्चर म्हणतात. आपल्याकडचा कारवानी ज्यांनी पाहिला असेल त्यांच्या डोळ्यांसमोर हा बांधा लगेच येईल: खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय. मुलीचा कुत्रा अर्धा व्हिपेट. दिवसभर सोफ्यावर लोळत पडलेला. पोस्टमन आला तरी फक्त मान वर करणार. माझा सात वर्षांचा नातू त्याच्या पोटावर डोकं टेकून पुस्तक वाचायचा.

एका संध्याकाळी माळावर मुलीने त्याचा पट्टा सोडला आणि गवतातून ससा उठला. पुढचं सगळं आठ-दहा सेकंदांत आटोपलं. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. कुत्रा मेलेला ससा घेऊन आला, मुलीच्या पायाशी ठेवला आणि नेहमीसारखा नातवाला टेकून उभा राहिला. पोरगं दोन पावलं मागे सरकलं. रात्री मला म्हणतो, "आजी, तो घरी प्रेमळ असल्याचं नाटक करतो का गं?"

इतकी वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, पण त्या रात्री मी "झोप आता" एवढंच म्हणू शकले. आज जे बोलणार आहे ते त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

प्रश्न असा आहे: शिकारीची ओढ आणि स्वभाव या एकाच गोष्टी आहेत का? मारतो तो क्रूर, आणि क्रूर आहे म्हणून मारतो, असं आपण सहज धरून चालतो. या कुत्र्यांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

इंग्लंडमध्ये शिकार हा शतकानुशतकं कायद्याचा आणि वर्गाचा प्रश्न होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, दुसऱ्या रिचर्डच्या काळात कायदा झाला: ज्याच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला ४० शिलिंगांपेक्षा कमी, त्याने शिकारी कुत्रा पाळायचा नाही. कायद्यात कारणही दिलं होतं. सणावारी सभ्य लोक चर्चमध्ये असताना कारागीर आणि मजूर शिकारीला जातात, आणि तिथे जमून बंडाचे बेत करतात! १३८१ चं शेतकऱ्यांचं बंड तेव्हा ताजं होतं, हे लक्षात घ्या. १६७१ च्या कायद्याने ही अट आणखी कडक केली. स्वतःच्या मालकीच्या जमिनीचं वर्षाला १०० पौंड उत्पन्न नसेल तर शिकार बंद. ज्या कुत्र्यांवर बंदी घातली त्यांच्या यादीत ग्रेहाउंडबरोबर लर्चरचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. जमीनदाराच्या शिकाररक्षकांना घरांची झडती घेऊन असे कुत्रे जप्त करता येत.

याचा कुत्र्याच्या स्वभावावर काय परिणाम झाला असेल? जॉन केयस नावाच्या वैद्याने १५७० मध्ये इंग्लंडमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एका कुत्र्याला तो सरळ 'चोर' म्हणतो. हा रात्री सशांचा वास वाऱ्यावर घेतो, मालकाचा हुकूम पाळतो आणि शिकारीच्या साऱ्या वेळात एकदाही भुंकत नाही. का भुंकत नाही? कारण भुंकणाऱ्या कुत्र्याचा मालक तुरुंगात गेला असता. १८२८ च्या रात्रीच्या चोरट्या शिकारीविरुद्धच्या कायद्यात, तिसऱ्यांदा सापडलेल्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारीची शिक्षा होती. म्हणजे आपल्या भाषेत काळं पाणीच. अशा घरात चिडका, आरडाओरडा करणारा कुत्रा परवडणार होता का? हवा होता तो झपाट्याने पकडणारा, पण शांत आणि माणसाकडे लक्ष ठेवणारा. पिढ्यान् पिढ्या माणसांनी अशीच पिल्लं ठेवून घेतली. शिकारीची ओढ तीव्र आणि स्वभाव सौम्य, हा मेळ म्हणजे नाटक नव्हे. गरज होती, म्हणून तो घडवला गेला.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. डरहॅम, नॉर्थम्बरलंड, यॉर्कशर, लँकशर इथले कोळसा खाणींतले आणि गिरण्यांतले कामगार. यांचा कुत्रा म्हणजे व्हिपेट. ग्रेहाउंडचीच छोटी आवृत्ती, दीड फुटाच्या आसपास उंची. खायला कमी लागतं आणि लहानशा घरात मावतो. आधी कुंपण घातलेल्या मैदानात ससे सोडून कोणाचा कुत्रा जास्त पकडतो अशा पैजा लागत. मग आली फडक्याची शर्यत, आणि मला सगळ्यात जास्त रस इथेच आहे.

मैदान साधारण २०० यार्डांचं. एका टोकाला कुत्रा सोडणारे उभे. ते कुत्र्याला एका हाताने मानेजवळ आणि दुसऱ्या हाताने शेपटीच्या मुळाशी धरत आणि इशारा झाला की अक्षरशः पुढे फेकत. दुसऱ्या टोकाला मालक हातात फडकं घेऊन ओरडत, हलवत उभा. कुत्रा फडक्यावर झेप घेई आणि दातांत धरून लोंबकळे. चांगला कुत्रा हे अंतर बारा सेकंदांच्या आसपास कापत असे. हलक्या वजनाच्या कुत्र्याला थोडं पुढून सोडत, म्हणजे चुरस राही.

या शर्यतीत दोन गोष्टी पाहा. एक, कुत्र्याला परक्या माणसाने शेपटीला धरून फेकलेलं चालत होतं, आणि शेजारी पाच-सहा कुत्री खांद्याला खांदा लावून धावत असताना तो त्यांच्यावर उलटत नव्हता. उलटला तर शर्यत गेली आणि आठवड्याच्या पगारातले पैसेही गेले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. टोकाला ससा नव्हता. फडकं होतं!

इथे मला अॅरिस्टॉटल आठवतो. नीतिशास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकात संयमाची चर्चा करताना तो म्हणतो की कुत्र्यांना सशाच्या वासात आनंद नसतो, आनंद असतो तो ससा खाण्यात. वास फक्त ससा आहे एवढं सांगतो. म्हणजे पाठलाग हे साधन आणि पोट भरणं हे साध्य. हे मी वर्गात अनेकदा शिकवलं आणि कधी शंका घेतली नाही. डरहॅमच्या खाणकामगाराने मात्र दर रविवारी ते खोटं ठरवलं होतं. फडकं काही खाता येत नाही. ते खायला मिळत नाही हे कुत्र्याला पहिल्याच शर्यतीत कळत असणार, तरी पुढच्या वेळी तो तेवढ्याच जिवाच्या आकांताने धावतो. पाठलाग हेच त्याचं साध्य आहे.

विसाव्या शतकातलं संशोधन याच दिशेला जातं. अमेरिकन अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीची साखळी मांडली: हेरणं, टक लावणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड, ठार मारणारा चावा, फाडणं, खाणं. लांडग्यात ही सगळी साखळी जोडलेली असते. कुत्र्यांच्या जातींत माणसाने काही कड्या जाड केल्या, काही बारीक केल्या. मेंढ्या राखणाऱ्या कॉलीत टक लावणं आणि दबकणं जाड, चावा बारीक. व्हिपेटमध्ये पाठलाग आणि पकड जाड. आणि प्रत्येक कडी स्वतःच सुखाची असते. तिला पुढच्या कडीच्या बक्षिसाची गरज लागत नाही.

राग आणि शिकार वेगळे असतात याचाही पुरावा आहे. १९६२ मध्ये येल विद्यापीठात वासमन आणि फ्लिन यांनी मांजरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला विजेने उत्तेजित केलं. काही ठिकाणी उत्तेजना दिली तर मांजर फिस्कारून, केस ताठ करून हल्ला करी. दुसऱ्या ठिकाणी दिली तर ते शांतपणे जाऊन उंदराला चावे. प्रयोग मांजरांचा होता, पण माळावर माझ्या नातवाने पाहिलं ते हे दुसरंच होतं. त्यात राग नव्हताच.

याचा व्यवहारात अर्थ काय? पोटभर खायला घालून ही ओढ जात नाही, कारण ती भुकेची नाहीच. मागाहून मारूनही जात नाही. मार बसेपर्यंत त्याला त्याचं सुख मिळून गेलेलं असतं. घरच्या मांजरीबरोबर झोपणारा लर्चर रस्त्यावर पळणाऱ्या परक्या मांजरीमागे लागू शकतो, कारण कडी ओढली जाते ती पळण्याच्या हालचालीने. म्हणून "आमचा फार गरीब आहे हो" हे वाक्य खरं असूनही अपुरं आहे. त्याचा गरीब स्वभाव मांजरीला वाचवत नाही.

मग काय वाचवतं? दुसऱ्या शतकात एरियन नावाचा लेखक होऊन गेला. एपिक्टेटसची व्याख्यानं लिहून ठेवणारा तोच. म्हणजे आपल्या या मालेचं शब्दांकन करणाऱ्यांचा पूर्वजच म्हणा ना. त्याने शिकारी कुत्र्यांवरही एक पुस्तक लिहिलं आणि त्यात आपल्या लाडक्या कुत्रीचं वर्णन केलं. ती घरात त्याच्यापासून हलत नसे, रस्त्यात पुढे चाले आणि मागे वळून तो येतोय ना हे पाहत असे. एकदा तिने चार सशांशी झुंज दिली होती. तिचं नाव होतं 'हॉर्मे'. स्टोइक तत्त्वज्ञानात हा पारिभाषिक शब्द आहे: प्रेरणा, आतून उठणारी ओढ. स्टोइक म्हणतात, प्राण्याला काही दिसलं की ओढ उठते आणि तो निघतो. माणसात मध्ये एक पायरी असते, संमती. मी या ओढीला हो म्हणू का, हा विचार. कुत्र्याकडे ती पायरी नाही. म्हणून तो नाटक करू शकत नाही, आणि म्हणूनच तो दोषीही नाही. ती पायरी त्याच्यासाठी आपण व्हायचं असतं. माळावर तिचं नाव पट्टा.

इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने रानसशांच्या मागे कुत्रे सोडण्याच्या स्पर्धा बंद झाल्या. २००५ पासून तो लागू आहे. कायद्याने बंधन घातलं ते माणसावर, कारण संमती द्यायची किंवा नाकारायची ती माणसानेच.

परत आल्यावर मी नातवाला फोनवर हे सगळं माझ्या परीने सांगितलं. चूक कुत्र्याची नव्हती, पट्टा सोडणाऱ्या मोठ्या माणसांची होती, आणि त्यात मीही होते, हेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ससा दिसला की आधी मला दिसला पाहिजे." आता फिरायला जाताना तो पुढे बघत चालतो, असं मुलगी सांगते. कुत्र्याच्या पोटावर डोकं ठेवून वाचणंही पुन्हा सुरू झालंय.

आता प्रश्न घेऊ या.