आप्पांची फियाट आणि पाचशे रुपयांचा विसार

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती. मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षं धरतात, ती भरली आणि विषय संपला. तेव्हा बरेच जण हळवे झाले होते. "काय दणकट गाडी होती", "असा पत्रा आता मिळत नाही", वगैरे वगैरे. माझ्या पुतण्याने तर मला सरळ विचारलं, "काका, तुम्ही गाड्यांचे एवढे वेडे. खरं सांगा, फियाट खरंच एवढी चांगली होती का?"

मी इतिहास शिकवत आयुष्य घालवलं. त्यामुळे मला एकदम 'हो' म्हणवेना. मी म्हटलं, सवडीने लिहीन. ते आज लिहितोय. आणि लिहायला बसल्यावर लक्षात आलं की या गाडीबद्दल खरं लिहायचं तर आणखी एक गोष्ट लिहावी लागेल, जी मी पन्नासहून अधिक वर्षं कोणालाही सांगितलेली नाही.

आधी इतिहास. शेठ वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम करणारा हा माणूस. पुढे जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही या देशात झाल्या पाहिजेत असा ध्यास घेतलेला. मोटारीसाठी ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेपर्यंत जाऊन आले. क्रायस्लरशी जमलं, पण इंग्रज सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्यांची जुळणी सुरू झाली. मग इटलीच्या फियाटशी करार झाला.

आपण जिला फियाट म्हणतो ती अकराशे मूळची १९५३ ची. त्याच वर्षी वालचंद शेठ गेले. याच सुमारास सरकारने ठरवलं की जे कारखाने नुसती जुळणी न करता सुटे भागही इथे बनवतील त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स मुंबईत १९२८ पासून होती, तिने आणि फोर्डने गाशा गुंडाळला. मोटारीच्या धंद्यात मुख्यतः तीन घरं उरली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईला प्रीमियर.

आता या तिघींबद्दल माझं मत. अँबॅसडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मागच्या सीटवर पाय पसरून बसावं, खेड्यापाड्यातले खड्डे कळू नयेत. पण चालवायला म्हणाल तर घरातल्या थोरल्या काकूंना हाताला धरून देवळात न्यावं तसं काम. स्टँडर्ड हेरल्ड दिसायला तिघींत देखणी. रेखाटन मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. तिचं पुढचं अख्खं तोंड झाकणासारखं वर उचललं जाई, मेकॅनिक टायरवर बसून काम करी. आणि फियाट? अंगाने आटोपशीर, वळायला चपळ. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे पुढची सीट सलग. तीन माणसं आरामात आणि मांडीवर एक पोर. खिडकीला छोटी तिकोनी काच, ती नेमकी फिरवली की वारा थेट तोंडावर. सुरुवातीच्या गाड्यांचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. मुंबईकर त्या गोलमटोल गाडीला 'डुक्कर फियाट' म्हणत, आणि ते प्रेमानेच. घाटात चालवायला मला तिघींत फियाटच पसंत.

पण हे सगळं झाल्यावर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९५३ ची रचना आपण थोडीफार डागडुजी करत २००० सालाच्या आसपासपर्यंत बनवत राहिलो. परवान्याची मुदत संपली तशी फियाट जाऊन आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' असं नाव आलं, गाडी तीच. अँबॅसडर तर २०१४ पर्यंत निघत होती. गाडी बदलायची गरजच कोणाला वाटली नाही, कारण जे निघेल ते विकलं जातच होतं. १९७० च्या आसपास अख्ख्या देशात वर्षाला चाळीसेक हजार मोटारी बनत. मागणी केवढी तरी जास्त. म्हणून नंबर लावायचा आणि वाट बघायची.

तर मंडळी, आमच्या आप्पांनी नंबर लावला १९६४ मध्ये. आप्पा म्हणजे माझे वडील. वाईला एल.सी.पी.एस. डॉक्टर होते. सायकलवरून, नंतर स्कूटरवरून आसपासच्या गावांना व्हिजिटला जात. नवी 'अकराशे डी' त्याच वर्षी आली होती. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. अनामतीची पावती आप्पांनी देव्हाऱ्यामागच्या कपाटात ठेवली. दर दिवाळीला साफसफाईत ती बाहेर निघे, आम्ही भावंडं ती वाचत असू आणि परत ठेवत असू.

नंबर लागला १९७१ मध्ये. सात वर्षांनी. मधल्या काळात काचबिंदूने आप्पांची नजर नेली होती. उजेड-अंधार कळे, माणूस समोर आला तर सावली कळे. ज्या माणसाने गाडी चालवण्यासाठी नंबर लावला होता त्याला आता ती दिसणारही नव्हती.

घरात प्रश्न उभा राहिला, गाडी घ्यायची कशाला? दादा नोकरीनिमित्त लांब. मी नुकताच बी.ए. होऊन मास्तर झालेलो. ताईचं लग्न ठरत आलेलं. आणि बाजारात फियाटला 'ऑन' चालू होता. ऑन म्हणजे ठरलेल्या किमतीच्या वरचे पैसे. नंबर लागलेली गाडी शोरूममधून काढायची आणि ज्याला थांबायचं नाही त्याला वरचे पैसे घेऊन द्यायची. सरकारने १९६९ मध्ये गाड्यांच्या किमती ठरवून दिल्या होत्या. कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तिकडे कारखानदाराला किती मिळावेत यावर वाद, आणि इकडे मधला माणूस बसल्या जागी हजारो रुपये कमावतोय, असा सगळा प्रकार. कायद्याने मात्र याला बंदी होती. मोटार वाटपाचा १९५९ चा आदेश होता, त्याप्रमाणे घेणाऱ्याने दोन वर्षं गाडी विकायची नाही असं लिहून द्यावं लागे. पळवाट सगळ्यांना ठाऊक होती. कागद मूळ मालकाच्याच नावावर ठेवायचे, गाडी दुसऱ्याने वापरायची.

आप्पा म्हणाले, "गाडी आणा. मे महिन्यात कोकणात जाऊन येऊ. पुढचं पुढे."

गाडी आली. फिकट निळी. आप्पांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून, दिव्यांवरून हात फिरवत. रोगी तपासावा तशी तपासली. आणि दुसऱ्याच आठवड्यात मी साताऱ्याच्या एका व्यापाऱ्याला भेटून आलो. पाच हजार ऑन ठरला. माझा तेव्हाचा जवळजवळ दोन वर्षांचा पगार! मी पाचशे रुपये विसार घेतला. घरात कोणालाही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, कोकणातून आलो की आप्पांना समजावू. ताईच्या लग्नाला पैसे लागणारच आहेत.

दापोलीजवळ आमचं मूळ गाव. आप्पा, आई, ताई आणि चालवायला मी. पसरणीच्या घाटाने पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, पुढे कशेडी घाट, खेड, दापोली. आप्पा डावीकडे बसले होते. तिकोनी काच त्यांनी स्वतःच्या हाताने फिरवून घेतली. वाटेत ते मला रस्ता सांगत होते, म्हणजे बघणाऱ्याला न बघणारा सांगत होता. "आता डावीकडे प्रतापगडचा फाटा येईल." यायचा! १९५७ मध्ये गडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला पंडित नेहरू आले होते. तेव्हा आप्पा गर्दीतून चालत वर गेले होते. ती गोष्ट त्यांनी त्या वळणावर सुरुवातीपासून सांगितली. मी हूं हूं करत होतो. खिशात नव्हते, पण ते पाचशे रुपये मला सारखे टोचत होते.

येताना डिकीत आंब्याच्या पेट्या होत्या. पोलादपूरला पाणी बघायचं मी विसरलो. गाडीचा काही दोष नाही, चूक सपशेल माझी. मेचं ऊन, चाळीसेक किलोमीटरचा चढा घाट, भरलेली गाडी. कुंभरोशीच्या थोडं अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी घाबरून उतरलो आणि रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो. आप्पा आतूनच ओरडले, "हात लावू नकोस! भाजशील. आधी थंड होऊ दे."

तास दीड तास आम्ही कठड्यावर बसलो. आई आणि ताई करवंदाच्या जाळीशी गेल्या. मी डबा घेऊन गावातून पाणी आणलं. परत आलो तेव्हा आप्पा गाडीच्या पत्र्याला हात लावून बसले होते. म्हणाले, "अजून गरम आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तू येताना बोलला नाहीस आणि जातानाही बोलत नाहीस. काय झालंय?"

मी सगळं सांगून टाकलं. साताऱ्याचा व्यापारी, पाच हजार, विसार.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "दोन वर्षं विकणार नाही, असं मी लिहून दिलंय. सही माझी आहे. दिसत नव्हतं तरी सही मीच केली, तूच बोट धरून जागा दाखवलीस." आणि मग, "विसार परत करून ये."

पुढच्या रविवारी मी साताऱ्याला गेलो आणि पाचशे रुपये परत केले. व्यापारी हसला. म्हणाला, "मास्तर, दुसरा कोणीतरी देईलच." आणि त्याला दुसरी गाडी मिळालीही, महिन्याच्या आत.

आप्पा १९७९ मध्ये गेले. तोपर्यंत दर मे महिन्याला आम्ही तोच रस्ता केला. पाणी बघायला मी पुन्हा विसरलो नाही. आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या, भाच्यांची बारशी, सगळं त्या गाडीने केलं. १९८८ मध्ये आम्ही ती रीतसर विकली. तोवर जमाना पालटला होता. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग नावाच्या गृहस्थांना मिळाली होती. १९९३ मध्ये मोटारींवरचं परवान्याचं बंधन उठलं आणि नंबर लावणं हा प्रकारच हळूहळू नाहीसा झाला. माझा नातू आज गाडी निवडताना रंग आवडला नाही म्हणून दुसऱ्या दुकानात जातो. मला त्याचा हेवा वाटतो, आणि तो वाटायलाच हवा.

म्हणून पुतण्याला माझं उत्तर असं. फियाट चांगली गाडी होती, पण आपण तिच्यावर जे प्रेम करतो त्यात निम्मं प्रेम वाट बघण्याचं आहे. सात वर्षं थांबून मिळालेल्या वस्तूला कोण नावं ठेवील? टंचाईने साध्या गाडीला सोन्याचा भाव आणला, आणि चांगल्या घरातल्या मुलांना पळवाटा शिकवल्या. त्यातलाच मी एक. हे वजा करून त्या दिवसांचं कौतुक करता येत नाही.

आप्पांच्या सहीची गोष्ट मी वर्गात वेगवेगळ्या नावांनी खूपदा सांगितली. सचोटीचं उदाहरण म्हणून. पण आता या वयात तिच्यातली एक बाजू जास्त टोचते. ते पाच हजार आले नाहीत म्हणून लग्नासाठी पतपेढीचं कर्ज काढावं लागलं, आणि तरीही ताईला चारऐवजी दोनच पाटल्या घातल्या गेल्या. सासरी तिला त्याबद्दल बोलणी बसली, हे आम्हाला नंतर कळलं. आप्पांची सचोटी आप्पांची, चूक माझी, आणि किंमत मोजली तिने. त्या घाटात ती वीस पावलांवर करवंदं तोडत होती. तिला आम्ही दोघांनीही विचारलं नाही. आप्पांचा निर्णय बरोबरच होता असं मला आजही वाटतं. पण तिला बोलवायला हवं होतं, कठड्यावर जागा होती.

ताई, तू हे वाचशील, तुझी नात तुला वाचून दाखवते हे मला माहीत आहे. पाटल्या दोनच का झाल्या, हे तू मला एकदा विचारलं होतंस आणि मी महागाईचं कारण सांगितलं होतं. खरं कारण हे. पुढच्या आठवड्यात येतो आहे, तेव्हा काय बोलायचं ते बोल.