एमजीबीचे मागचे पाटे आणि दीड इंचाचा इतिहास

आजच्या भागात आपण एका जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या खाली डोकावणार आहोत. गाडीचं नाव एमजीबी. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. आज ज्यांच्याकडे ती आहे, त्यांच्यापुढे एक प्रश्न कधी ना कधी येतोच: मागचे पाटे बसलेत, शॉकअप गळतायत, आता नवे कोणते घालायचे? दिसायला हा स्पेअर पार्टचा प्रश्न आहे. मला मात्र तो इतिहासाचा वाटतो. कारण एमजीबी हे नाव एक असलं, तरी खालून बघितलं तर त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

सुरुवात 1962 पासून करू. आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती, एमजीबीला ती नव्हती. बॉडीच सगळा भार पेलायची. त्या काळासाठी हे आधुनिक होतं. मागची बाजू मात्र जुन्या वळणाची: एक अखंड ॲक्सल आणि दोन्हीकडे पाट्यांची स्प्रिंग. आपल्याला हे नवीन नाही. ट्रकचा पाटा तुटला की काय होतं ते हायवेवर कुणीही सांगेल. आपल्या ॲम्बॅसॅडरलाही मागे पाटेच होते, आणि तिचं 1489 सीसीचं जुनं इंजिन एमजीबीच्या 1798 सीसी इंजिनाच्याच बी-सिरीज घराण्यातलं.

पाट्यांचं वैशिष्ट्य असं की ते एकाच वेळी दोन कामं करतात. गाडीचं वजन झेलतात आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. त्यामुळे पाटा बदलला की फक्त उंची बदलत नाही, गाडीचं वागणं बदलतं.

शॉकअपचं काम वेगळं. तो वजन उचलत नाही, स्प्रिंगची उसळी थांबवतो. एमजीबीला आर्मस्ट्राँगचे लिव्हरवाले शॉकअप होते: बॉडीला बोल्ट केलेला तेलाचा डबा, त्यातून निघालेला एक दांडा, आणि दांड्यापासून ॲक्सलपर्यंत एक जोडकाडी. दांडा हलला की आतले पिस्टन तेलाला छोट्या व्हॉल्व्हमधून ढकलतात. सील गेलं की तेल गळतं आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते. म्हणजे मागची बाजू खाली बसली असेल तर नवा शॉकअप घालून ती वर येणार नाही. तो दोष पाट्यांचा.

आता 1974 कडे येऊ. एमजीबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथे 1973 च्या मॉडेलपासून बंपरचे नवे नियम आले. ताशी 5 मैलांची धडक बंपरने सोसायची, आणि बंपर जमिनीपासून ठरलेल्या उंचीत हवा. तेव्हाच्या ब्रिटिश लेलँडकडे नवी गाडी काढायला पैसा नव्हता. मग जुन्याच गाडीला काळे रबरी बंपर लावले आणि अख्खी गाडी सुमारे दीड इंच उचलली. दीड इंच म्हणजे किती! पण गुरुत्वमध्य वर गेला, आणि त्यात ओपन मॉडेलचा पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. वळणावर गाडी झुकायला लागली. कंपनीलाही ते कळलं असावं, कारण 1977 च्या मॉडेलला पुढे जाड बार आला आणि मागेही एक बार लागला.

म्हणूनच पाटे मागवताना पहिला प्रश्न 'कुठल्या कंपनीचे?' हा नकोच. 'माझी गाडी क्रोम बंपरची की रबर बंपरची?' हा हवा. दोघींचे पाटे वेगळे. जीटी जड, म्हणून तिचे आणखी वेगळे. चुकून दुसरे घातले तर मागची बाजू विनाकारण वर किंवा खाली. उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, म्हणजे टायरचा हिशेब मध्ये येत नाही. नवे पाटे सुरुवातीला थोडे उंच दिसतात, चालवल्यावर बसतात. लगेच घाबरून कापाकापी करू नका.

रबर बंपरची गाडी खाली आणायला बरेच जण ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा घालतात. स्वस्त आहे, पण ॲक्सल पाट्यापासून लांब जातो आणि जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर पाट्यांना पीळ जास्त बसतो. योग्य कमानीचे पाटे घालणं केव्हाही बरं.

आणि टेलिस्कोपिक शॉकअप? याचं उत्तर इतिहासानेच दिलंय. 1992 मध्ये रोव्हरने याच गाडीवरून एमजी आरव्ही8 काढली. व्ही8 इंजिन, बऱ्याचशा गाड्या जपानला गेल्या. तिला शॉकअप टेलिस्कोपिक दिले, मागचे पाटे मात्र ठेवले. माझं मत असं: लिव्हरवाले नीट दुरुस्त होत असतील तर रोजच्या रस्त्याला ते पुरतात. टेलिस्कोपिक घ्यायचेच तर ॲडजस्ट होणारे घ्या आणि नरम बाजूने सुरुवात करा. मऊ पाट्यांवर कडक शॉकअप म्हणजे प्रत्येक खड्डा थेट पाठीत.

अमेरिकेतल्या एका नियमाने उचललेले दीड इंच आजचा मालक परत खाली आणू शकतो, किंवा तसेच ठेवू शकतो. दोन्ही गाड्या खऱ्याच आहेत. फक्त आपण कुठल्या सालची गाडी चालवणार, हे पाटे मागवायच्या आधी ठरवलेलं बरं.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!